पुन्हा परीक्षेला बसावे काय?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की आपल्या मंडळ्यांतील अनेक घरांवर एक चमत्कारिक अवघडलेपण पसरते. मुलगी पात्र ठरलेली असते. परंतु प्रवेश मिळेल इतके गुण नसतात. शेजारी पेढे मागतात आणि आईला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. अशा वेळी भेटीस आलेले कोणी म्हणते, “देवाची इच्छा नव्हती.” दुसरे कोणी तितक्याच खात्रीने सांगते, “डॉक्टर होण्यासाठीच तिला पाचारण आहे, पुन्हा बसू द्या.” दोन्ही उद्गार श्रद्धेचे वाटतात, पण बहुधा दोहोंमुळे विचार करण्याचे कष्ट वाचतात. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तसेच आपणही थोडे बसू या.

प्रथम ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. ७२० गुणांच्या या परीक्षेत खुल्या गटाची पात्रता-मर्यादा २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुण इतकी होती. २०२५ साली बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरले, एम. बी. बी. एस.च्या जागा मात्र देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांपैकी सामान्य कुटुंबास परवडतील अशा सरकारी जागा साधारण निम्म्या. तेव्हा पात्र ठरूनही प्रवेश न मिळणे हा काही विरळा अपघात नव्हे. लाखो मुलांची हीच स्थिती असते, हे घरात मोठ्याने बोलले गेले तरी मुलीच्या मनावरील निम्मे ओझे उतरते.

दुसरी चूक गुण मोजण्याची. “साठ गुण कमी पडले, वर्षभरात साठ गुण सहज वाढतील,” असे वडील म्हणतात. २०२४ मध्ये सहाशेहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी कित्येक दहा हजार होते. २०२५ ची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, इतकी कठीण निघाली की सहाशेच्या पुढे जेमतेम तेराशे विद्यार्थी गेले आणि देशात पहिला आलेल्यासही ६८६ गुणच होते. एका वर्षीचे गुण दुसऱ्या वर्षीच्या तराजूत घालता येत नाहीत. पाहावयाचा तो क्रमांक. आपल्या राज्यात, आपल्या गटात, शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकास मिळाला आणि आपण त्यापासून किती दूर राहिलो, हा खरा प्रश्न होय.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनी येथे थोडे अधिक सावध असावे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात व ८५ टक्के त्या त्या राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण झालेली असावी लागते. इंदूरला किंवा हैदराबादला शिकलेल्या मुलाचे आजोळ मिरजेला आहे एवढ्यावर तेथील जागा मिळत नाही, आणि आणखी वर्षभर अभ्यास केल्यानेही ही गोष्ट बदलत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुन्हा बसावे की नाही याचे उत्तर पुष्कळसे त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेतच असते आणि ती उघडून पाहण्याचे धैर्य फार थोडी कुटुंबे दाखवतात. उत्तरपत्रिकेची प्रत व अधिकृत उत्तरे विद्यार्थ्यास उपलब्ध होतात. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, सोडलेल्या प्रश्नास शून्य, हा नियम सर्वांस ठाऊक असतो. उदाहरणादाखल दोन मुली घेऊ. दोघींनाही ४३० गुण. पहिलीने १८० प्रश्नांपैकी १२० बरोबर सोडवले, ५० चुकवले, १० सोडून दिले. दुसरीचे ११० बरोबर, केवळ १० चूक, आणि ६० प्रश्न तिने हातच लावले नाहीत. गुणपत्रिका सारखीच, दुखणे मात्र अगदी निराळे. पहिलीला अर्धवट ज्ञानावर उत्तर ठोकून देण्याची सवय आहे. त्या पन्नासांपैकी तीस प्रश्न तिने नुसते सोडले असते तरी तिचे गुण ४६० झाले असते. दुसरी जाणते ते पक्के जाणते, पण तिचा अभ्यासक्रम पुरा झालेला नाही किंवा वेळ तिला पुरत नाही. दुसरीच्या बाबतीत एका वर्षाच्या नियमित अभ्यासाने पुष्कळ फरक पडण्याचा संभव आहे. पहिलीने तेच वर्ग, त्याच वह्या आणि तीच घाई घेऊन आणखी एक वर्ष घालवले, तर फळही बहुधा तेच येईल.

म्हणून मुलीला एकच प्रश्न विचारावा: “पुढच्या वर्षी तू काय निराळे करशील?” “अधिक मेहनत करीन” हे उत्तर पुरेसे नाही. गतवर्षी बारावीच्या परीक्षेमुळे अकरावीचे भौतिकशास्त्र राहून गेले, तापाने सहा आठवडे वाया गेले, सराव-परीक्षा दिल्याच नाहीत, अशी बोट ठेवता येतील इतकी ठळक कारणे असतील तर दुसरा प्रयत्न अवश्य करावा, असे माझे मत आहे. तिसऱ्या प्रयत्नाविषयी मी फारसा अनुकूल नाही. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली हे खरे; पण दार उघडे आहे म्हणून उंबरठ्यावर कितीही वर्षे उभे राहावे असे नाही.

खर्च केवळ पैशाचा नसतो. मैत्रिणी महाविद्यालयात गेलेल्या, आपण मात्र लातूरच्या किंवा कोट्याच्या एका खोलीत. हे वर्ष फार एकाकी जाते. २०२३ मध्ये कोट्याहून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या बातम्या येत राहिल्या, त्या कोणाही आईबापाने दुसऱ्यांच्या घरची गोष्ट समजू नयेत. झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे बंद झाले, तर अभ्यास थांबवून मुलीला आधी घरी आणावे व डॉक्टरांना दाखवावे.

आणि डॉक्टर व्हावयाचे आहे ते कोणाला? आपल्या समाजात मिशन रुग्णालयांचा वारसा असल्यामुळे वैद्यकीय सेवेविषयी आदर आहे, तो योग्यच आहे. परंतु सेवा म्हणताना आपण कित्येकदा केवळ पदवी मनात धरतो. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी परिचारिकांची शाळा १९०९ मध्ये काढली आणि मुलींची वैद्यकीय शाळा त्यानंतर, १९१८ मध्ये. रुग्णाची सेवा हेच ध्येय असेल, तर परिचर्या किंवा भौतिकोपचार हे मार्ग पराभवाचे म्हणून दाखवू नयेत. आणि मुलीला ते नको असतील, तर ते तिच्यावर लादूही नयेत.

वेल्लोर व लुधियाना येथील ख्रिस्ती महाविद्यालयांवर आशा ठेवणाऱ्यांनी हेही जाणावे की ‘नीट’ अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी दिला. मंडळीचे प्रायोजकत्व मिळाले तरी ते क्रमांकाची जागा घेऊ शकत नाही. वेल्लोरच्या प्रायोजित विद्यार्थ्यास पुढे दोन वर्षे मिशन रुग्णालयात सेवा द्यावी लागते. पुन्हा अर्ज करण्यापूर्वी मुलीने अशा एखाद्या ग्रामीण रुग्णालयात आठवडाभर राहून यावे. रात्रपाळी पाहावी, तेथील डॉक्टरांशी बोलावे. कित्येकदा परत येताना तिचा निर्णय झालेला असतो.

निर्णय झाल्यावर तो कागदावर लिहून काढावा: काय बदलणार, पैसे कोठून येणार, मधल्या काळात दुसरीकडे प्रवेश घेणार काय (घेतल्यास जागा सोडण्याच्या अटी आधी वाचाव्यात), आणि दुसऱ्या निकालानंतर कोणत्या क्रमांकाच्या अलीकडे थांबावयाचे नाही व पलीकडे थांबावयाचेच. ही मर्यादा निकालाच्या दिवशी ठरवता येत नाही; त्या दिवशी सर्वांचेच डोळे ओले असतात. कागदावर पहिली सही मुलीची असावी, आणि ती करण्यास तिला चार दिवस लागले तर लागू द्यावेत.