विजेरीचा जीर्णोद्धार

ज्या गावी शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते, तेथील शेतकऱ्यास मध्यरात्री अंथरूण सोडून शेताकडे जावे लागते. वाट चिखलाची, दोन्ही बाजूंस पीक माजलेले आणि घोणस, मण्यार यांसारखे विषारी सर्प याच वेळी भक्ष्याच्या शोधात बाहेर पडलेले! अशा प्रसंगी हातातील विजेरी ही चैनीची वस्तू राहत नाही. पुढचे पाऊल कोठे टाकावे हे सांगणारी ती सोबतीण असते. खेड्यापाड्यांत तिला 'बॅटरी' म्हणतात. ऐन वेळी तिचा उजेड पिवळा पडू लागला, म्हणजे धीट मनुष्याच्याही काळजात धस्स होते. नवे सेल वरचेवर घ्यावेत तर ऐपत नाही आणि जुने सेल पुरवून वापरावेत तर जीव धोक्यात, असा हा पेच आहे.

हा पेच का पडतो, हे समजण्यासाठी विजेरीचे अंतरंग पाहिले पाहिजे. हातात धरावयाच्या विजेरीचे पेटंट डेव्हिड मिसेल यांस अमेरिकेत १८९९ साली मिळाले. नळीत एकापुढे एक ठेवलेले सेल, पुढे लहानसा दिवा, त्याच्या मागे चकचकीत परावर्तक आणि बाजूस खटका, ही तिची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. प्रत्येक नव्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. दोन सेल एकापुढे एक ठेवले की तीन व्होल्ट होतात व तीन ठेवले की साडेचार.

दोष आहे तो जुन्या दिव्याचा. त्यात टंगस्टनची बारीक तार असते. विजेने ती तापते आणि तापून पांढरी झाली म्हणजे प्रकाश देते. परंतु खर्च झालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. शंभर घागरी पाणी शेंदावे आणि झाडाच्या मुळाशी जेमतेम पाच पोहोचाव्यात, तशातला हा प्रकार होय.

एलईडी दिव्याची जात निराळी. त्यात तापणारी तार नसते. विशिष्ट अर्धवाहक पदार्थाच्या कणातून वीज वाहू लागली की त्यातूनच प्रकाश बाहेर पडतो. निक होलोनियाक यांनी १९६२ साली तांबडा प्रकाश देणारा असा दिवा तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळ्या एलईडीची गरज होती. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे चिकाटीने प्रयत्न करून तो साध्य केला. २०१४ साली त्यांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश दिसतो.

हा नवा दिवा जुन्या विजेरीत बसविणे फारसे खर्चाचे नाही. प्रथम विजेरी स्वच्छ करावी. सेल पाझरून स्प्रिंगवर व पत्र्याच्या पट्टीवर पांढरी-हिरवी पुटे चढलेली असतात. वीज तेथेच अडते. बारीक पॉलिश कागदाने ती घासून काढावीत व कोरड्या फडक्याने पुसावीत. पुष्कळदा बिघाड एवढ्यानेच दूर होतो.

नंतर सेल मोजावेत. तीन सेलची विजेरी असल्यास गणित सोपे आहे. लहान पांढऱ्या एलईडीस सुमारे ३.२ व्होल्ट दाब व २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. साडेचारमधून ३.२ वजा केले की १.३ व्होल्ट उरतात. हा जास्तीचा दाब अडविण्यासाठी मध्ये रोधक घालावा लागतो. १.३ ला ०.०२ ने भागले असता ६५ ओहम येतात; बाजारात ६८ ओहमचा रोधक मिळतो, तो घ्यावा. रोधक न घातल्यास मर्यादेबाहेर प्रवाह वाहून एलईडी जळून जाण्याचा संभव असतो.

गेलेल्या दिव्याची काच जाड फडक्यात गुंडाळून जपून फोडावी आणि त्याचे धातूचे बूड साफ करून घ्यावे. एलईडीचा लांब पाय धन व आखूड पाय ऋण असतो. सेलचे टोक पुढे येत असल्याने बुडाचा मधला ठिपका धन असतो. म्हणून लांब पाय रोधकामार्फत मधल्या ठिपक्यास व आखूड पाय बाहेरच्या कड्यास डाख देऊन जोडावा. उलट जोडल्यास दिवा लागत नाही. काच फोडण्याचे व डाख देण्याचे काम मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

दोन सेलच्या विजेरीत मात्र ही युक्ती चालत नाही. तीन व्होल्ट दाब मुळातच अपुरा आणि सेल थोडे उतरले की उजेड मंदावतो. तिच्यासाठी दाब वाढविणारी योजना आतच असलेला तयार एलईडी दिवा घ्यावा. त्यावर तीन व्होल्टचा निर्देश आहे ना आणि त्याचे बूड जुन्या दिव्यासारखेच आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

लाभ किती? तीन सेलच्या जुन्या विजेरीत ०.३ अँपिअर, म्हणजे ३०० मिलिअँपिअर, प्रवाहाचा दिवा असे. तीन एलईडी, प्रत्येकास स्वतंत्र रोधक देऊन, लावले तरी एकूण ६० मिलिअँपिअरच लागतात. म्हणजे खर्च एकपंचमांशावर येतो. सेल उतरू लागले तरी एलईडी एकाएकी विझत नाही. मंद होत होत मनुष्यास घरी पोहोचण्याइतका अवधी देतो. एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. जुना परावर्तक तारेच्या दिव्यासाठी घडविलेला असल्याने लहान एलईडीचा झोत तितका दूर जात नाही. पायाखालची वाट पाहण्यास तो पुरेसा आहे. दूरच्या राखणीस नव्हे.

जुनी वस्तू टाकून देणे सोपे असते. तिच्यातील चांगले काय आणि सदोष काय, हे पारखून सदोष तेवढेच बदलणे, यासाठी ज्ञान लागते. नळी जुनीच, खटका जुनाच. बदलला तो केवळ दिवा. पण तेवढ्याने शेतकऱ्याची रात्रीची वाट उजळते आणि त्याच्या गाठीचे चार पैसेही वाचतात.

स्वाध्याय
१. जुन्या दिव्यात विजेचा अपव्यय कसा होतो? पाठातील दृष्टान्त देऊन सांगा.
२. दोन सेलच्या विजेरीत साधा एलईडी का चालत नाही?
३. चार सेलच्या विजेरीत एका एलईडीसाठी किती ओहमचा रोधक लागेल, ते गणित करून काढा.
४. 'काळजात धस्स होणे' व 'जीव धोक्यात असणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या एका वस्तूविषयी दहा ओळी लिहा.