गणपतीनंतर नको गं, आत्ताच

अगं बाय, काल रात्री तू फोनवर रडत होतीस तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं. आता शांतपणे वाच.

पोराचा डोळा आठवड्याभरात पुढे आलाय, डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय आणि सासूबाई म्हणतात, ‘गणपती होऊ दे.’ त्यांना दुखवू नकोस, पण थांबूही नकोस. मुलांच्या डोळ्याच्या खोबणीत रॅब्डोमायोसार्कोमा नावाचा कॅन्सर होतो, तो फार झपाट्याने वाढतो. तोच असेल असं नाही हं. जन्मापासूनची साधी गाठ असते, रक्तवाहिन्यांची असते, सायनसमधून पसरलेला संसर्गही असतो. बाहेरून मात्र डोळा तसाच सुजलेला दिसतो, म्हणून आत बघायचं.

सीटी स्कॅन मिनिटांत होतो, हाड छान दाखवतो, पण त्यात एक्स-रे असतात. एमआरआयमध्ये चुंबक असतं. डोळ्यामागची नस, स्नायू, गाठ मेंदूकडे सरकलीय का, हे त्यात नीट कळतं. फक्त अर्धा-पाऊण तास अजिबात हलायचं नाही आणि मशीन धडधडतं. म्हणून लहान मुलांना झोपेचं औषध किंवा भूल देतात. किती तास उपाशी ठेवायचं ते विचारून घे, मग रडला तरी बिस्किटाचा तुकडा देऊ नकोस. सर्दी-खोकला असेल तर आधी सांग. गळ्यातला ताईत, कमरेची चांदीची साखळी घरीच काढून ठेव.

मोबाइलमधले त्याचे जुने फोटो बरोबर घे. इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चाललीय. डोळा केसभर चुकला तरी कारागिराला कळतं, कारण दुसरा डोळा शेजारीच असतो. डॉक्टरांनाही फोटोंवरून कळतं, फरक कधीपासून पडला ते. रिपोर्टबरोबर सीडीही मागून घे, पुढचे डॉक्टर चित्रंच बघतील.

आणि एक. गाठीचं नाव शेवटी तुकडा तपासूनच ठरतं. तो कुठून घ्यायचा, ते स्कॅन सांगतो. अगदी वाईट निघालं, तरी खोबणीतला हा कॅन्सर वेळेत सापडला तर केमो आणि रेडिएशनने बहुतेक मुलं बरी होतात, डोळा काढावा लागतोच असं नाही. टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं खारघरचं केंद्र पनवेलच्या थोडं पुढे आहे. रेशनकार्ड, आधार पिशवीत टाक, खर्चासाठी सरकारच्या महात्मा फुले योजनेची चौकशी करू.

रोह्याहून दिव्याची गाडी पकड. पेणला मी फलाटावर उभी असेन. पुढे पोराला मी मांडीवर घेते, तू जरा डोळे मीट.