पिल्लाच्या तोंडातील चामखिळी
कळंबा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांबरोबर कुत्र्यांची पिल्लेही असतात. अशा पिल्लाच्या ओठांवर, हिरड्यांवर वा जिभेवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरट-गुलाबी कोंब दिसले, की घरच्यांना कॅन्सरची शंका येते. २ वर्षांखालील कुत्र्यात मात्र त्या बहुधा पॅपिलोमा विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी असतात. लागण झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी त्या उगवतात आणि प्रतिकारशक्ती जागी होताच बहुतेक वेळा १ ते ३ महिन्यांत आपोआप नाहीशा होतात.

माणसाला त्या होत नाहीत. दुसऱ्या कुत्र्याला होतात. म्हणून पाण्याचे भांडे व चेंडू वेगळे ठेवावेत. दोरा बांधणे, चुना लावणे, ब्लेडने कापणे कटाक्षाने टाळावे. खाता येत नसेल किंवा रक्त येत असेल, तर पशुवैद्यक त्या काढतात. कुत्रे वयस्क असेल, गाठ एकच, कडक वा काळी असेल, किंवा ३ महिन्यांनंतरही टिकली, तर तुकडा काढून तपासून घ्यावा.

तोंड तपासण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. कुत्रे लाळ गाळत असेल, त्याला गिळता येत नसेल व वागणे बदलले असेल, तर तोंडात हात घालू नये; तो रेबीजही असू शकतो. चावा घेतल्यास किंवा जखमेला लाळ लागल्यास जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.