कौतुक आणि प्रीती

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३, १८:१-१६, २३:१-१८, २ शमुवेल ९:१-१३
पूरक वाचन : १ करिंथ १३; मार्क १०:१७-२२; योहान २१:१५-१७
पाठाचा उद्देश : एखाद्याच्या गुणांचे कौतुक करणे आणि त्या माणसावर प्रीती करणे यांतील फरक ओळखणे, व आपल्या मंडळीत आणि वर्गात त्याप्रमाणे वागण्यास शिकणे.

करिंथ येथील मंडळीत गुणी माणसांची वानवा नव्हती. तेथे शिक्षक होते, संदेष्टे होते, रोग बरे करण्याचे कृपादान लाभलेले होते, अन्य भाषा बोलणारे होते. तरीही त्या मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा. अपुल्लोस हा वक्ता म्हणून नामांकित होता, हे आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायावरून कळते. म्हणजे गुणांचे कौतुक तेथे भरपूर होते, पण त्या कौतुकाने माणसे जोडली गेली नाहीत, उलट दुरावली. म्हणून पौलाने आपल्या पत्रात १२ व्या आणि १४ व्या अध्यायांत कृपादानांचा विचार केला आणि त्या दोहोंच्या मधोमध प्रीतीचा १३ वा अध्याय घातला. आपण तो बहुधा लग्नाच्या उपासनेत ऐकतो. मुळात तो लिहिला गेला एका गुणवान पण भांडकुदळ मंडळीसाठी, हे लक्षात ठेवून तो पुन्हा वाचावा.

कौतुक वाईट नव्हे

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करू. कौतुक करणे हे पाप नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात परमेश्वर बसालेलाचे नाव घेऊन सांगतो की सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांवरील कारागिरीचे ज्ञान मीच त्याला दिले आहे. देणाऱ्याने दिलेले दान पाहून आनंद न होणे हा कोरडेपणाच होय. शिवाय आपल्या मराठीत कौतुक या शब्दाला मायेचा ओलावा आहे. आजी नातवाचे कौतुक करते तेव्हा त्याच्या अंगी कोणता गुण आहे हे ती पाहत नाही. यामुळेच आपला घोटाळा होतो. गुणाचे कौतुक केले की आपल्याला वाटते, आपण प्रीतीच केली. परंतु कौतुकाची नजर माणसाजवळ जे आहे त्यावर असते, आणि प्रीतीची नजर खुद्द माणसावर असते. हे दोन्ही एकाच वेळी असू शकते. प्रश्न एवढाच, की गुण बाजूला काढला तर मागे काय उरते?

शब्द एक, माणसे निराळी

या प्रश्नाचे उत्तर दाविदाच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. पहिल्या शमुवेलाच्या १६ व्या अध्यायात शौलाची दाविदावर प्रीती बसली असे लिहिले आहे. १८ व्या अध्यायात योनाथानाची, सर्व इस्राएल व यहूदा लोकांची, आणि शौलाची कन्या मीखल हिचीही दाविदावर प्रीती होती असे लिहिले आहे. मूळ इब्री भाषेत या सर्व ठिकाणी एकच क्रियापद आहे. शास्त्र येथे खऱ्या प्रीतीसाठी एक शब्द व वरवरच्या प्रीतीसाठी दुसरा असे करीत नाही. फरक शब्दात नाही, तो पुढच्या अध्यायांतील कृतींत दिसतो. आपणही ‘माझी प्रीती आहे’ असे सहज म्हणतो. ते खरे की काय, हे पुढच्या दिवसांवरून ठरते.

शौल : शौलापुढे दाविदाचे नाव आले ते गुणांच्या यादीसह. चाकराने सांगितले की इशायाचा हा पुत्र वादनात कुशल आहे, शूर आहे, बोलण्यात चतुर आहे, देखणा आहे, आणि परमेश्वर त्याच्याबरोबर आहे. दाविदाच्या वीणेने शौलाला चैन पडे. त्याला दावीद आवडला आणि त्याने त्याला आपला शस्त्रवाहक केले. पण जेव्हा स्त्रियांनी गाण्यात शौलाला हजारांचे व दाविदाला लाखांचे श्रेय दिले, त्या दिवसापासून शौलाची दृष्टी फिरली. दुसऱ्याच दिवशी दावीद नेहमीप्रमाणे वीणा वाजवीत असताना शौलाने त्याच्यावर भाला उगारला. वीणा तीच, वाजविणारे हातही तेच. फरक इतकाच पडला की जो गुण कालपर्यंत शौलाच्या उपयोगी पडत होता, तो आज त्याला लहान करू लागला. कौतुकाची ही पहिली कसोटी आहे : ज्याचे आपण कौतुक करतो तो आपल्यापुढे गेला तर आपल्याला काय वाटते?

कईला येथील लोक : २३ व्या अध्यायात पलिष्टी कईला नगराची खळी लुटत होते. दाविदाने जाऊन त्या लोकांना वाचविले. पण शौल चालून येत आहे असे कळताच दाविदाने देवाला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की ज्यांना तू वाचविलेस तेच तुला शौलाच्या हाती देतील. गरज सरो आणि वैद्य मरो, ही आपली म्हण अशाच माणसांसाठी आहे. त्यांना दाविदाची तलवार हवी होती, दाविदाचे संकट नको होते.

मीखल : हिच्याविषयी घाईने निकाल देऊ नये. तिने स्वतःच्या बापाविरुद्ध जाऊन दाविदाला खिडकीतून उतरवून त्याचा जीव वाचविला. तेव्हाची तिची प्रीती खोटी म्हणता येणार नाही. पुढे मात्र, कराराचा कोश नगरात येत असता दावीद राजेपण विसरून नाचू लागला, तेव्हा तिच्या मनात तिरस्कार उत्पन्न झाला. पराक्रमी वीर तिला प्रिय होता, पण लोकांसमोर उड्या मारणारा हा मनुष्य तिला सोसवला नाही. पण मधल्या काळात तिच्यावर काय गुदरले हेही वाचा. तिच्या बापाने तिला दुसऱ्याच्या घरी दिले, आणि पुढे दाविदाने राजकारणाच्या वाटाघाटीत तिला परत मागून घेतले. मीखलेची दाविदावर प्रीती होती असे शास्त्र सांगते. दाविदाची तिच्यावर होती असे कोठेही लिहिलेले नाही. ज्याच्यावर साऱ्या देशाने प्रीती केली, तो आपल्या घरात प्रीती करण्यास चुकू शकतो. गुणवान माणसांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

योनाथान : आता योनाथानाकडे पाहू. त्याची प्रीतीही गल्याथावरील विजयानंतरच सुरू झाली. म्हणजे कौतुक हे प्रीतीचे दार होऊ शकते. योनाथान स्वतः काही सामान्य नव्हता. १४ व्या अध्यायात तो केवळ आपल्या शस्त्रवाहकाला बरोबर घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चढून गेला होता. शिवाय तो राजपुत्र, गादीचा वारस. दाविदाच्या उदयाने सर्वात जास्त तोटा कोणाचा होणार असेल तर तो त्याचा. शौलाने २० व्या अध्यायात त्याला हे तोंडावर सांगितले आणि त्याच्यावरही भाला उगारला. तरी योनाथानाने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद पूर्वीच दाविदाला देऊन टाकले होते. पुढे दावीद जीफच्या रानात लपून राहिला. तेथे ना विजय होता, ना स्त्रियांची गाणी, ना राजवाड्यातील वीणा. अशा वेळी योनाथान उठून त्याच्याकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याला धीर दिला. शौलाने दाविदाकडून घेतले, योनाथानाने दाविदाला दिले. शौल त्याला शोधीत होता तो मारण्यासाठी, योनाथानाने त्याला शोधले ते उभे करण्यासाठी.

प्रीतीचे फळ

ही गोष्ट येथे संपत नाही. योनाथान रणात पडल्यावर त्याचा पाच वर्षांचा मुलगा मफीबोशेथ याला घेऊन दाई पळत होती. तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजा झाल्यावर त्याने विचारले, की योनाथानाकरिता मी दया करावी असा शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय? तेव्हा मफीबोशेथाला लो-दबार येथून आणण्यात आले. त्याने स्वतःची तुलना मेलेल्या कुत्र्याशी केली. तो लढू शकत नव्हता, दरबारात त्याचा काही उपयोग नव्हता, आणि पडलेल्या राजघराण्यातला असल्यामुळे त्याच्यावर संशयच घेतला गेला असता. अशा माणसाला दाविदाने आपल्या पंक्तीला, राजपुत्रांबरोबर नित्य जेवायला बसविले. योनाथानाने रानात जी प्रीती दिली होती, ती या पंक्तीत पुढे आलेली दिसते. कौतुकाला गुण लागतो. प्रीतीला मफीबोशेथही चालतो.

आपल्या घरातील एक उदाहरण

मराठी मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गीते आजही भक्तिभावाने गायिली जातात. कवी म्हणून त्यांचे कौतुक महाराष्ट्राने केले. त्यांच्याबरोबर संसार मात्र लक्ष्मीबाईंनी केला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. त्या काळात लक्ष्मीबाईंनी जे दुःख सोसले, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आहे. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांचा तापट स्वभाव, पैशाविषयीची बेफिकिरी, लहरीपणा, यांतले काहीही लक्ष्मीबाई लपवीत नाहीत, आणि तरीही पानापानांवर त्यांची माया दिसते. नुसते कौतुक करणारा दोष झाकतो, नाहीतर दोष दिसताच पाठ फिरवितो. प्रीती दोष पाहते आणि राहते. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे लिहिण्यास लक्ष्मीबाईच बसल्या.

आपली मंडळी

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एका मंडळीत एक गृहस्थ वीस वर्षे पेटी वाजवीत आहेत. नाताळ असो, लग्न असो की अंत्यविधी, त्यांच्यावाचून चालत नाही. एके दिवशी त्यांना पक्षाघात होतो आणि डावा हात जातो. पहिल्या आठवड्यात सर्वजण भेटून जातात. पुढच्या कमिटीत प्रश्न निघतो, “पेटी आता कोण वाजविणार?” तो प्रश्न चुकीचा नाही, उपासना तर चाललीच पाहिजे. नवा तरुण मिळतो, तो चांगले वाजवितो, आणि सहा महिन्यांत जुन्या पेटीवाल्यांच्या घराची वाट गवताने भरते. अशा वेळी मंडळीतील एखादी वृद्ध बाई, जिला सुराचे ज्ञान नाही, दर शुक्रवारी जाऊन त्यांच्याजवळ बसते, त्यांना एक अध्याय वाचून दाखविते आणि त्यांच्या पत्नीला तासभर बाजारात जाण्याची सवड देते. वीस वर्षे ज्यांनी त्यांचे कौतुक केले ते पुष्कळ होते. प्रीती मात्र या बाईने केली.

हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटत असेल, तर आपल्या मंडळीत असे कोण आहे याचा विचार करावा. निवृत्त झालेले पाळक, आवाज गेलेली गायिका, दृष्टी गेलेले शिक्षक, यांची नावे यादीतून गेली असली तरी शरीराचे अवयव म्हणून ती माणसे आपली आहेत.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी

मुले हा फरक फार लवकर ओळखतात. पाठांतरात जिंकणाऱ्या मुलीला बक्षीस द्यावे, पण वर्षभर तिला फक्त जिंकल्यावरच जवळ घेतले तर ती मनाशी धरते की जिंकले तरच मी हवी. अशी मुलगी घसा बसला की नाताळच्या कार्यक्रमाला येण्यास भिते. तिचा धाकटा भाऊ, ज्याला एक वचनही धड पाठ होत नाही, तो तर मागच्या बाकावर बसून समजून चुकतो की ही जागा आपल्यासाठी नाही. म्हणजे कौतुकाने दोघांचेही नुकसान होते. म्हणून “गाणे छान म्हटलेस” हे अवश्य म्हणावे, पण “तू आलास, आनंद झाला” हे प्रत्येक मुलाला नावाने म्हणावे. गैरहजर मुलाच्या घरी जावे. पहिले वाक्य गुणासाठी आहे, दुसरे मुलासाठी.

प्रभूची प्रीती

प्रभू येशूच्या सामर्थ्याचे कौतुक करणारे लोकसमुदाय मोठे होते. भाकरी खाऊन ते त्याला राजा करू पाहत होते, आणि शिकवण कठीण वाटताच त्यांतील पुष्कळ मागे फिरले. प्रभूने मात्र उलट केले. त्या धनवान तरुणाकडे पाहून त्याने त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क लिहितो. त्या प्रीतीमुळेच त्याने त्याला न आवडणारे सत्य सांगितले, आणि तो खिन्न होऊन निघाला तरी ते सत्य सौम्य केले नाही. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी, तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने विचारले नाही की तुला किती उत्तम बोलता येते. त्याने तीनदा प्रीतीविषयीच विचारले, आणि मग मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. आपल्यापैकी कोणीही त्याच्यापुढे गुणांच्या बळावर उभा नाही. आपण सारे मफीबोशेथासारखे पंक्तीला बोलाविलेले आहोत. हे ज्याला उमगले, त्याला दुसऱ्याकडे नुसत्या कौतुकाने पाहणे पुरत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. शौल व योनाथान या दोघांनीही दाविदावर प्रीती केली असे लिहिले आहे. त्यांच्या कृतींतील फरक शोधून काढा.
२. आपल्या बरोबरीच्या माणसाचा गुण पुढे आला तेव्हा आपल्याला आनंद झाला काय? न झाल्यास का?
३. दाविदाने मीखलेशी कसे वर्तन केले? गुणवान माणसाच्या घरच्यांवर कोणते ओझे पडते?
४. आपल्या वर्गात कोणत्या मुलाला शिक्षकांकडून केवळ कौतुक मिळते, आणि कोणाला काहीच मिळत नाही?

या आठवड्यासाठी काम : पूर्वी मंडळीत सेवा करणाऱ्या व आता घरी बसलेल्या एका व्यक्तीच्या घरी जा. काही काम घेऊन जाऊ नका. तासभर बसा, ऐका, आणि निघताना प्रार्थना करा.