केमोथेरपीचे एकवीस दिवस आणि घरातली माणसे

अंडाशयाच्या कर्करोगावर बहुतेक वेळा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही दोन औषधे सलाईनमधून देतात. साधारणपणे दर 21 दिवसांनी एक, असे सहा डोस असतात. काहींना तीन डोस ऑपरेशनच्या आधी आणि तीन नंतर दिले जातात. डोसच्या दिवशी बाई दवाखान्यात असते, पुढचे वीस दिवस मात्र घरी. त्या वीस दिवसांची शुश्रूषा आपल्याच हाती असते.

शिरड शहापूरसारख्या गावात हे जास्त जाणवते. उपचारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईला परळचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला 21 दिवसांचा हा हिशेब माहीत हवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोसच्या तारखेला खूण करा आणि तिथून दिवस मोजा.

पहिला आठवडा : मळमळ, अंगदुखी, बद्धकोष्ठ, तोंडाला चव नसणे हा त्रास याच दिवसांत जास्त होतो. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेवरच द्या, उलटी होण्याची वाट पाहू नका. ताटभर वाढण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्या : मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, वरण-भात. अंडी-मटण ‘उष्ण पडते’ म्हणून बंद करू नका. शरीराला प्रथिने लागतात. फक्त ते पूर्ण शिजलेले असावे. डोसनंतर दोन-तीन दिवस औषधाचा अंश लघवी आणि उलटीतून बाहेर पडतो. ते साफ करताना हातमोजे घाला, संडासात भरपूर पाणी टाका, भरलेले कपडे वेगळे धुवा.

दुसरा आठवडा : साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. बाई वरून ठीक दिसते, पण साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. या दिवसांत लग्न, मिरवणूक, विहारातली गर्दी टाळावी. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने दारातूनच जयभीम करावा. पाणी उकळलेले, अन्न ताजे असावे. घरात थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, थंडी वाजून आली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्याला फोन करा, गरज पडली तर 108 ची गाडी बोलवा. फाईल सोबत घ्या आणि गेल्या गेल्या ‘केमो चालू आहे’ असे सांगा.

तिसरा आठवडा : आता थोडे बरे वाटू लागते. बहिणीकडे जाणे, विहारात बसणे, आवडीचे काही करणे यासाठी हेच दिवस चांगले. पण बरी दिसते म्हणून तिला हळद काढायला किंवा निंदणीला पाठवू नका. हातापायांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना सांगा. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही. आपला भाग हळदीचा आहे. भाजीतली हळद चालते, पण हळदीच्या गोळ्या, काढे, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ताट वेगळे करू नका : कर्करोग शिवल्याने, सोबत जेवल्याने, जवळ बसल्याने लागत नाही. नातवाला तिच्या मांडीवरून उचलून नेऊ नका. वेगळा पेला आणि वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे. तेच दुःख आपल्याच घरात आजारी बाईच्या वाट्याला येऊ नये. गर्दी टाळायची ती तिच्या जिवासाठी, हे तिलाही समजावून सांगा. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, उपचार संपल्यावर पुन्हा येतात. डोक्याला रुमाल बांधायचा की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

नवरा-बायको : दोन्ही अंडाशये काढल्यावर पाळी कायमची बंद होते. अंगातून वाफा निघतात, योनीमार्ग कोरडा पडतो, इच्छा कमी होते. नवऱ्याने याला नाराजी समजू नये आणि बळजबरी तर कधीच करू नये. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यास आणि तिची इच्छा असल्यास संबंध ठेवता येतात. उपचार चालू असताना निरोध वापरावा. हात धरून बसणे, पाठीवर हात फिरवणे हीदेखील जवळीकच आहे.

मुलीचे लग्न : ‘स्थळे मोडतील’ म्हणून घरे आजार लपवतात. बहुतेक जणींचा हा आजार आनुवंशिक नसतो. काहींमध्ये असतो, त्यासाठी जनुकीय तपासणी होते. ती करायची का, हे डॉक्टरांना विचारा. वेळेत कळले तर मुलीला, बहिणीला काळजी घेता येते.

पैसा : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपी आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालय देते. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोग रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय होते.

पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, फाईल कोण सांभाळणार, रात्री ताप आला तर गाडी कोण काढणार, हे पहिल्या डोसच्या आधीच सगळ्यांनी बसून ठरवा. तिलाही त्या बैठकीत बसवा आणि आधी तिचे ऐका.