उन्हाळ्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची निगा : घाटापासून स्वारगेटपर्यंत



ट्रॅक्टरचे तेल, पंपाचे बेअरिंग, मळणीयंत्राचा पट्टा यांची निगा कशी राखावी हे आपणांस सांगावे लागत नाही. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या अंगणात एक नवे यंत्र आले आहे. ते म्हणजे क्लचचे पेडल नसलेली, ऑटोमॅटिक गिअरची मोटार. पूर्वी अशी गाडी शहरातील मोजक्या लोकांकडेच असे. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही ही सोय आली. आज टर्बो इंजिनाच्या जोरकस गाड्या आणि मोठ्या एसयूव्ही गावोगावी दिसतात. या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्तीचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो, म्हणजे एखाद्या एकरातील पिकाची कमाई त्यात संपते. अशा अनेक बिघाडांचे मूळ उष्णतेत असते आणि ती बरीचशी टाळता येते. ती कशी टाळावी, हे या लेखात पाहू.

उष्णता येते कोठून?

साध्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांना क्लचच्या चकत्या जोडतात. चकत्या एकदा घट्ट बसल्या की दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करते. इंजिनाला जोडलेले एक पाते तेल ढवळून फेकते. त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे दुसरे पाते फिरते आणि चाकांना जोर मिळतो. एक पंखा लावला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखा फिरू लागतो, तसेच हे आहे.

मात्र दुसरे पाते पहिल्याच्या मागे राहते. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता तेलात उष्णता होऊन उरते. याला आपण घसर म्हणू. गाडी वेगात आली की आतील लॉकअप क्लच दोन्ही पाती एकत्र बांधतो व घसर जवळजवळ थांबते. थोडक्यात, सपाट रस्त्यावर एका वेगाने धावणारी गाडी गिअरबॉक्स फारसा तापवत नाही. चढण, ओझे आणि थांबत-थांबत चालणे या तीन गोष्टी तो तापवतात.

एक हिशेब पाहा. भरलेली गाडी घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टरमधून ४० किलोवॉट शक्ती जात आहे आणि त्यातील १५ टक्के घसरीत जात आहे असे धरू. म्हणजे ६ किलोवॉट उष्णता झाली. एक-एक किलोवॉटच्या सहा विजेच्या शेगड्या गिअरबॉक्सच्या तेलात बुडवल्यासारखे हे आहे. तेल ८ लिटर असेल आणि सर्व उष्णता त्यातच राहिली, तर एका मिनिटात ते सुमारे २५ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. काही उष्णता धातू शोषतो आणि बरीचशी कूलर बाहेर नेतो. म्हणूनच कूलरमधून तेल आणि कूलरवरून वारा सतत वाहत राहणे आवश्यक असते.

आपल्या पिकाचेही असेच आहे. जमिनीत ओल असेल तर भर दुपारीही पान बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड राखते. ओल संपली की पर्णरंध्रे मिटतात आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापते. दोन्ही पानांवर ऊन सारखेच असते, फरक उष्णता बाहेर नेणाऱ्या प्रवाहाचा असतो.

गाडी स्वारगेटलाच का तापते?

नसरापूर, खेड-शिवापूर भागातून पुण्यास येणारी गाडी आधी कात्रजचा चढ चढते. पुढे कात्रज ते स्वारगेट हा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता सिग्नल व गर्दीचा आहे. या रस्त्यावर २००६ साली बीआरटीची बससेवा सुरू झाली, २०१६ साली स्वारगेटच्या जेधे चौकात उड्डाणपूल झाला आणि २०२४ साली भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. तरीही सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता व शिवाजी रस्ता यांची वाहने या परिसरात एकत्र येतात. त्यात एस.टी. स्थानकाची आणि जवळच्या गुलटेकडी मार्केट यार्डाची वर्दळ असते.

घाटात तेल तापते, पण गाडी चालती असल्याने समोरून वारा मिळतो. स्वारगेटच्या रांगेत तो वारा बंद होतो. एप्रिल-मे महिन्यांत हवा ३८ ते ४० अंश सेल्सिअस असते आणि डांबर त्याहूनही जास्त तापलेले असते. पुढच्या वाहनाचा गरम धूर आपल्याच रेडिएटरवर येतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने एसीची उष्णताही त्यात मिसळते. शिवाय बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल इंजिनाच्या कूलंटनेच थंड होते. कूलंट ९०-१०० अंशांवर असेल, तर तेल त्याखाली कसे येणार? म्हणून घाटात साठलेल्या उष्णतेचा इशारा अनेकदा सिग्नलला मिळतो. दिवे घाट किंवा बोपदेव घाटातून अंजीर, सीताफळ वा वाटाणा घेऊन येणाऱ्या पुरंदरच्या शेतकऱ्यांनाही हेच लागू आहे.

तेल किती तापावे?

पुढील आकडे अंदाजी आहेत. तेल व गाडीनुसार त्यांत फरक पडतो.

• ८० ते ९५ अंश : नेहमीचे कामाचे तापमान. काळजी नसावी.
• ११५ अंशांच्या पुढे : तेलाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. व्हॉल्व्हवर चिकट थर बसू लागतो.
• १२५ ते १३० अंश : रबरी सील कडक होऊ लागतात. पुढे गळती संभवते.
• १४५ अंशांच्या पुढे : क्लचच्या चकत्या घसरू लागतात. घसरीने आणखी उष्णता होते आणि नुकसान वेगाने वाढते.

वरच्या तापमानात दर १० अंश वाढीस तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे १५-२० अंशांची बचतही मोठी आहे.

आपला गिअरबॉक्स कोणता?

गाडीसोबतच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. ते आधी पाहावे, कारण त्यानुसार काळजी बदलते.

१) टॉर्क कन्व्हर्टर : वर वर्णन केलेला प्रकार. ओझे व घाट यांना चांगला, पण तेलाची निगा महत्त्वाची.

२) एएमटी : हा साधाच गिअरबॉक्स असून क्लच यंत्राने दाबला जातो. यात तेल तापण्यापेक्षा क्लच जळण्याचा धोका अधिक.

३) सीव्हीटी : पट्टा व पुल्ली यांवर चालतो. याला स्वतंत्र प्रकारचे तेल लागते. दुसरे तेल मुळीच घालू नये.

४) दुहेरी क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी : जोरकस गाड्यांत हा आढळतो. ओल्या प्रकारात क्लच तेलात असतात व तेल त्यांची उष्णता नेते. कोरड्या प्रकारात चकत्यांना केवळ हवेचाच आधार असतो. त्यामुळे रांगेत रांगत चालणे त्यांना सर्वांत जाचक ठरते. चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआय या २०१३ सालच्या जोरकस गाडीत कोरड्या प्रकारचा सात गिअरचा डीएसजी होता. २०२० साली आलेल्या तिच्या नव्या आवृत्तीत टॉर्क कन्व्हर्टर दिला गेला.

उष्णतेचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या सात गिअरच्या डीएसजीसाठी परत बोलावल्या. उष्ण व दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्समधील सिंथेटिक तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकतो, असे कारण दिले गेले. उपाय म्हणून ते तेल काढून खनिज तेल भरण्यात आले. योग्य तेलाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

गाडी निघण्यापूर्वी

१) रेडिएटर व कंडेन्सरच्या जाळीतील भुसा, पाचटाचे तुकडे, किडे व चिखल काढावा. गाडी थंड असताना कमी दाबाचे पाणी शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे. जास्त दाबाने पत्रे वाकतात.

२) कूलंटमध्ये विहिरीचे वा बोअरचे पाणी घालू नये. क्षारांनी ठिबकचे ड्रिपर कसे बुजतात हे आपण पाहतो. रेडिएटरच्या नळ्याही तशाच बुजतात. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट व शुद्ध पाणी ठरलेल्या प्रमाणातच वापरावे.

३) गिअर तेलाची पातळी, रंग व वास तपासून घ्यावा. तेल काळपट झाले असेल आणि करपट वास येत असेल तर ते खराब झाले असे समजावे. अनेक नव्या गाड्यांत तेल मोजण्याची काडी नसते. तेथे ठरावीक तापमानालाच पातळी पाहतात, म्हणून हे काम जाणकाराकडून करावे.

४) घाट, ओझे, ऊन व गर्दी असा वापर असेल तर तो ‘कठीण वापर’ समजावा. त्यासाठी पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत कमी दिलेली असल्यास तीच पाळावी.

५) समोर लावलेले लोखंडी गार्ड, जादा दिवे व फलक काढावेत. ते वारा अडवतात.

६) ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरू नये. इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतल्यास उष्णताही वाढते, पण कूलर तेवढाच राहतो.

७) औषध फवारणीस आपण सकाळ-संध्याकाळ निवडतो. तसेच मालाची फेरीही शक्यतो पहाटे काढावी. मालही ताजा राहतो.

घाटात व सिग्नलवर

१) चढावर गाडी सारखी गिअर बदलू लागली तर मॅन्युअल किंवा ‘एल’ स्थितीत खालचा गिअर धरावा. गाडी एका वेगात चालली की घसर कमी होते.

२) उतारावरही खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. न्यूट्रलमध्ये उतरू नये.

३) चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. काही सेकंदांतच क्लच वा तेल भयंकर तापते. ब्रेक किंवा हॅण्डब्रेक वापरावा.

४) रांगेत फूट-फूट पुढे सरकू नये. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग एकदम पुढे जाऊन थांबावे. कोरड्या क्लचच्या व एएमटी गाड्यांनी हे कटाक्षाने पाळावे.

५) थांबा लांबला तर ‘एन’मध्ये आणून ब्रेक दाबून ठेवावा. थोड्या-थोड्या वेळाने मात्र गिअर हलवत बसू नये.

६) एस.टी. स्थानकावर पाहुण्यांना घेण्यास गेल्यास एसी लावून, ‘डी’मध्ये ब्रेक दाबून वाट पाहू नये. सावलीत उभे करून इंजिन बंद करावे.

इशारा मिळाल्यास

तापल्याचा दिवा लागणे, इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, ‘डी’ टाकल्यावर उशिरा हिसका बसणे, करपल्याचा वास येणे, ही लक्षणे दिसताच गाडी सुरक्षित जागी, शक्यतो सावलीत घ्यावी. ‘पी’मध्ये टाकून हॅण्डब्रेक लावावा, एसी बंद करावा आणि काही मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवावे. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालत असल्याने तेल कूलरमधून फिरत राहते. मात्र इंजिनाचा काटा लाल रेषेवर गेला, वाफ निघाली किंवा कूलंट गळत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, भाजण्याचा धोका असतो.

गाडी बंद पडली तर तिला दोर बांधून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना पंप चालत नाही आणि चाकांबरोबर आतील भाग वंगणाविना फिरतात. जोर देणारी चाके उचलून किंवा संपूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

जादा कूलर बसवावा काय?

नेहमी घाटातून ओझे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीस वाऱ्यावर चालणारा जादा ऑइल कूलर उपयोगी पडतो. रेडिएटरमधून आलेले तेल त्यातून जाऊन गिअरबॉक्समध्ये परतावे, अशी जोडणी करतात. वॉरंटीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी विक्रेत्यास विचारावे. मात्र जाळी घाण आणि तेल जुने असताना हा खर्च करणे म्हणजे जमिनीला निचरा नसताना खत वाढवणे होय. आधी स्वच्छता, मग तेल आणि शेवटी कूलर, हा क्रम ठेवावा.

सारांश, गिअरबॉक्सची उष्णता घसरीतून येते आणि तेल व वाऱ्याच्या प्रवाहातून जाते. घसर कमी करावी व प्रवाह मोकळा ठेवावा. बादलीभर पाणी, वेळेवर तेलबदल आणि चालकाचा थोडा संयम यांवर भर मे महिन्यातही घाट चढून आलेली गाडी स्वारगेटच्या चौकातून मालासह सुखरूप पुढे जाईल.