वसतिगृहातील मौन आणि रॅगिंगप्रतिबंधक कायदा

गडचिरोली येथे २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून त्याच्या कक्षेत आली. भामरागड, एटापल्ली, जिवती अशा दूरच्या तालुक्यांतील मुलामुलींना उच्च शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहावे लागते. घरी माडिया, गोंडी अथवा कोलामी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या उच्चारांची नक्कल करणे, जातीवरून हिणवणे, अपरात्री उठवून कामे सांगणे यांस तेथे ‘गंमत’ म्हटले जाते.

कायदा तिला गंमत मानीत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक इजा, भीती अथवा लाज वाटावी असे वर्तन हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढले जाते व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली आपल्या विनियमांत जात, वंश, भाषा व प्रदेश यांवरून होणाऱ्या छळाचाही स्पष्ट समावेश केला.

तरीही तक्रार होत नाही, हीच खरी अडचण आहे. मे २०१९ मध्ये मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याचे आधीच कळविले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले; परंतु तोंडी गाऱ्हाणे किती सहज विरून जाते, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहिला.

लेखी तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असे नाही. पालक किंवा शिक्षकही ती करू शकतात. ज्याचे वडील शेकडो मैल दूर रानात राबत आहेत, त्या मुलासाठी ही तरतूद फार मोलाची आहे; मात्र ती शिक्षकांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करावयाची असते. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठविणे बंधनकारक आहे. प्रमुखाने हयगय केल्यास गुन्ह्यास साहाय्य केल्याचे मानून त्याच्यावरही कारवाई होऊ शकते.

लैंगिक छळाची तक्रार मात्र २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत, करावयाची असते. रॅगिंगसाठी आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे. अर्ज प्रत्यक्ष देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सात दिवसांची मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते.